मेल अडकला की आधी घड्याळ बघा

शनिवारी सकाळी मामाचा फोन. "अगं, माझा मेल बंद पडलाय. तीन दिवस झाले, एक आला नाही आणि माझा पण जात नाहीये." मामाचं सगळं थंडरबर्ड या मेल प्रोग्रॅममध्ये असतं, ब्राउझरमध्ये मेल उघडायची त्याला कधी सवयच लागली नाही, बारा वर्षांचा पत्रव्यवहार त्या एका प्रोग्रॅममध्ये फोल्डर करून नीट लावलेला आहे आणि त्याला काय लागेल ते तो दहा सेकंदात काढून दाखवतो. पत्ता आमच्या घरच्या डोमेनवरचा, म्हणजे मी, मामा, मामेबहीण असे आम्ही चौघं एकाच होस्टिंगवर. आणि होस्टिंगवाल्यांनी त्याच आठवड्यात आमचा मेल नव्या सर्व्हरवर हलवला होता. तसं त्यांनी कळवलं होतं, मी माझ्या कॉम्प्युटरवर नव्या सर्व्हरचं नाव टाकून घेतलं, माझा मेल चालू झाला, आणि बाकीच्यांचं सांगायचं राहून गेलं.

मी स्क्रीन शेअर करायला सांगत होते तेवढ्यात मामा म्हणाला, "एका ओळखीच्याने सांगितलंय की ती कनेक्शन सिक्युरिटी आहे ना, तिथे नन करून टाक, लगेच चालू होईल. करू का?"

"नको मामा, तेवढं करू नकोस. हात लावू नकोस, मी बघते."

हा सल्ला मी इतक्या ठिकाणी ऐकलाय की आज त्याबद्दलच लिहायला बसले. नन म्हणजे काहीच सुरक्षा नको. आयमॅपवर, म्हणजे सर्व्हरवरचा मेल वाचायच्या नेहमीच्या पद्धतीत, तुमचा प्रोग्रॅम लॉगिन करताना सर्व्हरला एक साधी ओळ पाठवतो, त्यात युजरनेम आणि पासवर्ड असतो, आणि टीएलएस, म्हणजे हे बोलणं कुलूपबंद करणारी पद्धत, नसेल तर ती ओळ जशीच्या तशी, वाचता येईल अशी, वायफायपासून सर्व्हरपर्यंत जाते. एकदा नाही, प्रोग्रॅम जितक्या वेळा कनेक्ट होईल तितक्या वेळा, म्हणजे दिवसभर. चांगले सर्व्हर टीएलएसशिवाय लॉगिन घेतच नाहीत, ते आधीच सांगतात की इथे लॉगिन बंद आहे, पण सगळे तसे नसतात. आणि मेलचा पासवर्ड म्हणजे काय असतो हे वेगळं सांगायला नको, बाकी सगळ्या खात्यांचा पासवर्ड रिसेट करायची लिंक तिथेच येते. म्हणून नन केल्यावर मेल चालू होतो हे खरं असलं तरी ती दुरुस्ती नाहीये, बिघाड कुठे आहे ते अजून कळलेलंच नसतं.

मी अशा वेळी पहिली गोष्ट बघते ती म्हणजे घड्याळ. मेसेज काय आला ते नंतर. चेक मेल दाबल्यावर एरर लगेच आली, का गोल गोल फिरत राहून मिनिटभराने आली? या एका प्रश्नावर निम्मा शोध संपतो आणि तरी तो कोणीच विचारत नाही, त्यामुळे जरा नीट सांगते.

सेटिंगमध्ये कनेक्शन सिक्युरिटीला दोन खरे पर्याय असतात, एक एसएसएल/टीएलएस आणि दुसरा स्टार्टटीएलएस. नावावरून वाटतं की एक जुना आणि एक नवा आहे, किंवा एक कच्चा आणि एक पक्का. तसं नाहीये. दोन्हीकडे आत टीएलएसच चालतं, त्याच्या आधीचं एसएसएल कधीच बाद झालंय, शेवटचं एसएसएल ३.० होतं ते १९९६ चं आणि २०१५ मध्ये ते वापरू नका असं अधिकृतपणे ठरलं. फरक आहे तो फक्त सुरुवात कशी होते त्याचा. एसएसएल/टीएलएस या पर्यायात पहिल्या अक्षरापासून कुलूपबंद बोलणं, आणि पहिलं तोंड उघडायचं ते तुमच्या प्रोग्रॅमने. स्टार्टटीएलएसमध्ये उलटं. तिथे आधी सर्व्हर उघड्यावर नमस्कार करतो, प्रोग्रॅम विचारतो तुला काय काय येतं, सर्व्हर यादी सांगतो, त्यात स्टार्टटीएलएस असेल तर प्रोग्रॅम म्हणतो चल मग आता कुलूप लावू, आणि तिथून पुढे टीएलएस.

आणि हे दोन प्रकार वेगवेगळ्या पोर्टांवर, म्हणजे सर्व्हरवरच्या आकडा दिलेल्या वेगवेगळ्या वाटांवर राहतात. आलेला मेल आयमॅपने घ्यायचा तर ९९३ वर एसएसएल/टीएलएस आणि १४३ वर स्टार्टटीएलएस. मेल घ्यायची दुसरी पद्धत, पॉप, असेल तर ९९५ आणि ११०. मेल पाठवायचा तर एसएमटीपीचं ४६५ वर एसएसएल/टीएलएस आणि ५८७ वर स्टार्टटीएलएस. पोर्ट आणि प्रकार यांची जोडी जुळली पाहिजे, बस. न जुळण्याच्या दोनच तऱ्हा आहेत आणि दोन्ही अगदी वेगळ्या दिसतात.

समजा पोर्ट टाकलं ४६५ आणि निवडलं स्टार्टटीएलएस. प्रोग्रॅम वाट बघतो की सर्व्हर आधी नमस्कार करेल. सर्व्हर वाट बघतो की प्रोग्रॅम आधी बोलेल, कारण या पोर्टावर तसंच ठरलंय. फोन उचललाय आणि दोन्हीकडचे गप्प. मिनिटभर असंच जातं, मग कोणीतरी कंटाळून फोन ठेवतं आणि स्क्रीनवर टाइमआउट येतो. लोक समजतात नेट स्लो आहे, सर्व्हर बंद आहे, फायरवॉल अडवतंय. फायरवॉलने पोर्ट अडवलं असेल तरी असंच लटकतं हे खरं, पण आधी जोडी तपासा, ते दहा सेकंदांचं काम आहे.

आता उलटं, पोर्ट ५८७ आणि निवडलं एसएसएल/टीएलएस. इथे प्रोग्रॅम कुलूपबंद बोलणं सुरू करतो आणि समोरून सर्व्हरचा उघडा नमस्कार येतो, जो २२० या आकड्याने सुरू होतो. प्रोग्रॅमला वाटतं हे टीएलएसचं पाकीट आहे. टीएलएसच्या पाकिटात पहिल्या बाइटवर प्रकार लिहिलेला असतो आणि पुढच्या दोन बाइटवर व्हर्जन. त्यामुळे २२० मधला पहिला २ प्रकार म्हणून वाचला जातो आणि पुढचा २ आणि ० व्हर्जन म्हणून, आणि असं व्हर्जन जगात कुठे नसतंच, मग बऱ्याच प्रोग्रॅममध्ये राँग व्हर्जन नंबर अशी एरर येते आणि ती लगेच येते, एका सेकंदाच्या आत. ही एरर वाचून माणसं टीएलएसचं व्हर्जन जुनं आहे वाटतं म्हणून कॉम्प्युटर अपडेट करत बसतात, मी स्वतः एका ओळखीच्यांना यावर अख्खी दुपार घालवताना बघितलंय, आणि शेवटी बदलायचं होतं ते फक्त पोर्ट.

लगेच आली तर दोघं बोलले पण पटलं नाही. उशिरा आली तर बोलणंच झालं नाही.

हा गोंधळ लोकांच्या चुकीने झालेला नाहीये हेही सांगायला हवं, कारण मामासारखी माणसं उगाच स्वतःला दोष देतात. पोर्ट ४६५ चा इतिहासच तसा आहे. १९९७ च्या सुमारास ते सुरक्षित एसएमटीपीसाठी नोंदवलं गेलं, मग स्टार्टटीएलएस आलं तेव्हा ही नोंद काढून घेतली, ते पोर्ट कागदोपत्री दुसऱ्याच कामाला दिलं, पण मेल सर्व्हर चालवणारे ते वापरतच राहिले, आणि शेवटी जानेवारी २०१८ मध्ये आरएफसी ८३१४ या इंटरनेटच्या नियमांच्या कागदाने ४६५ ला परत मान्यता दिली आणि वर हेही सांगितलं की मेल प्रोग्रॅमसाठी पहिल्या अक्षरापासूनचं टीएलएसच जास्त चांगलं. म्हणजे मधली वीस वर्षं जुनी माहितीपत्रकं म्हणणार ४६५ बाद आहे, नवी म्हणणार ४६५ च घ्या. त्यात जुन्या थंडरबर्डमध्ये त्याच दोन पर्यायांना एसएसएल आणि टीएलएस अशी नावं होती, म्हणजे स्टार्टटीएलएसला नुसतं टीएलएस म्हणायचे, आणि आणखी एक पर्याय होता, जमलं तर टीएलएस. हा सगळ्यात वाईट. जमलं तर म्हणजे वाटेत कोणी सर्व्हरच्या यादीतून स्टार्टटीएलएस हा शब्द खोडला की प्रोग्रॅम निमूटपणे उघड्यावर बोलायला तयार. तो पर्याय काढून टाकला हे फार बरं झालं. मी तर चॉइस असेल तिथे ९९३ आणि ४६५ च निवडते, सोबत एसएसएल/टीएलएस, आणि सर्व्हरवाल्यांनी फक्त ५८७ दिलं असेल तरच स्टार्टटीएलएस.

तर मामाकडे परत. मी म्हटलं, "चेक मेल दाब आणि मला सांग किती वेळ लागतो." त्याने दाबलं आणि लगेच एक खिडकी आली. "हीच ती, रोज येते, मी कॅन्सल करतो."

त्याने तीन दिवस कॅन्सल केलं याचा मला खूप आनंद झाला, खरंच. ती सिक्युरिटी एक्सेप्शनची, म्हणजे तक्रार असूनही या सर्व्हरला सूट द्यायची का असं विचारणारी खिडकी होती आणि बहुतेक जण तिथे कन्फर्म दाबून मोकळे होतात. ती खिडकी वाचण्यासारखी असते, तिच्यात सर्टिफिकेटबद्दल, म्हणजे सर्व्हरच्या ओळखपत्राबद्दल, तीन प्रकारच्या तक्रारी येऊ शकतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. राँग साइट, म्हणजे सर्टिफिकेटवर नाव दुसऱ्याचं. आउटडेटेड इन्फर्मेशन, म्हणजे तारखेचा घोळ. अननोन आयडेंटिटी, म्हणजे ज्याने सही केलीय त्याला आपला प्रोग्रॅम ओळखत नाही. मामाकडे राँग साइट होतं. सरळ होतं कारण, त्याच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचं नाव म्हणून मेल डॉट आणि आमचं डोमेन असं होतं, ते नाव आता नव्या मशीनकडे बोट दाखवत होतं, आणि त्या मशीनवर सर्टिफिकेट होतं होस्टिंगवाल्यांच्या स्वतःच्या सर्व्हरच्या नावाचं. ज्या दाराची बेल वाजवली त्या दारावर पाटी दुसऱ्याची. यात कुणाचा हल्ला वगैरे नव्हता, पण हल्ला असता तरी खिडकी हुबेहूब हीच आली असती, म्हणून ती बघून कन्फर्म करायचं नसतं.

आणि कन्फर्म करून फायदाही टिकत नाही. थंडरबर्डमधलं ते एक्सेप्शन कायमचं ठेव म्हटलं तरी ते त्या एका सर्टिफिकेटपुरतंच असतं. लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि बरेच सर्व्हर ते ६० दिवसांच्या आसपास आपोआप नवं घेतात, म्हणजे दोन महिन्यांनी खिडकी परत हजर, तुम्ही परत कन्फर्म, आणि अशी सवय लागली की ज्या दिवशी खरंच कोणी मध्ये बसलेलं असेल त्या दिवशीही हात तिथेच जाणार. सार्वजनिक वायफायवर ही खिडकी आली तर मी काहीही न करता प्रोग्रॅम बंद करते, कारण लॉगिन पान दाखवण्यासाठी ते नेटवर्क आपलं कनेक्शन मध्येच वळवत असू शकतं.

दोन रस्ते होते, मामाकडे नव्या सर्व्हरचं नाव टाकायचं, किंवा मेल डॉट डोमेन या नावाचं सर्टिफिकेट काढायचं. मी दुसरा घेतला, कारण पुढच्या वेळी सर्व्हर बदलला तरी कोणाच्या सेटिंगला हात लावायला नको. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ते नाव जोडलं, सर्टिफिकेट दोन मिनिटांत मिळालं, मेल सर्व्हरने ते उचलायला अजून थोडा वेळ. माझ्याकडून तपासलं. ज्यांच्याकडे कमांड लाइन आहे त्यांनी हे शिकून घ्याच, ओपनएसएसएलची एस-क्लायंट नावाची कमांड आहे, तिला कनेक्ट या ऑप्शनपुढे सर्व्हरचं नाव, कोलन आणि ९९३ दिलं की ती सर्टिफिकेट कोणाच्या नावाचं, कोणी दिलेलं, वर कोण कोण आहे हे सगळं दाखवते आणि शेवटी व्हेरिफायचा कोड देते. शून्य आला तर ठीक, फक्त हा कोड नाव जुळतं का ते बघत नाही, ते वर वाचून आपणच तपासायचं. ५८७ किंवा १४३ तपासायचं असेल तर स्टार्टटीएलएसचा ऑप्शन आणि पुढे एसएमटीपी किंवा आयमॅप असं जोडावं लागतं. कोड २१ आला तर सर्व्हरने सह्यांच्या साखळीतल्या मधल्या कडीचं सर्टिफिकेट पाठवलेलं नाही असं बहुतेक वेळा निघतं, आणि तो दोष सर्व्हरचा आहे, तुमच्या मेल प्रोग्रॅममध्ये काही करू नका. विंडोज ती हरवलेली कडी पुष्कळदा स्वतः शोधून आणतं म्हणून एका प्रोग्रॅममध्ये चालतं आणि दुसऱ्यात नाही.

मला शून्य आला, नावही बरोबर होतं. मामाला म्हटलं, "आता दाब."

दाबलं. परत खिडकी. लगेच.

"अगं तेच आलंय." पण तेच नव्हतं. राँग साइट गेलं होतं आणि आता लिहिलं होतं आउटडेटेड इन्फर्मेशन. दहा मिनिटांपूर्वी काढलेलं सर्टिफिकेट आउटडेटेड कसं असेल? मी क्षणभर पॅनलकडेच बघत बसले की आपण चुकीचं काही केलं का. मग स्क्रीनच्या कोपऱ्यातली तारीख दिसली. शुक्रवार. आज शनिवार होता.

मामाच्या डेस्कटॉपची तारीख एक दिवस मागे होती. कधीपासून ते त्याला आठवेना. वेळ आपोआप जुळवायचा पर्याय बंद होता, बहुतेक कधीतरी वीज गेल्यावर घड्याळ मागे गेलं, त्याने हाताने लावलं आणि तेव्हा एक दिवस चुकला असावा. आणि इतके दिवस त्याने काहीच बिघडलं नव्हतं, कारण जुनं सर्टिफिकेट काही आठवडे आधीचं होतं, कालच्या तारखेलाही चालणारं. पण लेट्स एन्क्रिप्टचं नवं सर्टिफिकेट ज्या क्षणापासून लागू होतं तो क्षण सुमारे तासभरच मागचा ठेवलेला असतो, घड्याळात थोडा फरक असला तर सांभाळून घ्यायला. तासभर, दिवसभर नाही. म्हणजे मामाच्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. खिडकीतला शब्द वाचून वाटतं मुदत संपली, पण अजून सुरूच झाली नाही तरी हाच मथळा येतो, व्ह्यू दाबून सर्टिफिकेट कधीपासून लागू आहे ते वाचलं तरच कळतं. तिथे शनिवारची तारीख स्पष्ट लिहिलेली होती.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मी नीट दुरुस्ती केली आणि त्या दुरुस्तीमुळेच दुसरा, आधीपासून झोपलेला दोष जागा झाला. अशा वेळी माणूस हमखास म्हणतो की आपण केलेलं काही उपयोगाचं नाही, आणि ते उलटं फिरवतो. एरर बदलली का ते बघायला हवं. बदलली असेल तर आपण पुढे सरकलोय.

वेळ आपोआप जुळवायचा पर्याय चालू केला, तारीख शनिवार झाली, थंडरबर्ड बंद करून उघडलं आणि मेल यायला लागले.

मामा खूश. मी म्हटलं थांब, मला एक मेल पाठव.

पाठवायला दाबलं आणि तो पट्टा पुढे मागे पुढे मागे फिरायला लागला. या वेळी लगेच नाही. मी घड्याळ लावलं, साधारण मिनिटभराने टाइमआउट. तुम्ही ओळखलंच असेल. थंडरबर्डमध्ये बाहेर जाणाऱ्या सर्व्हरची सेटिंग अकाउंटच्या पानावर नसते, ती डाव्या यादीत सगळ्यात खाली वेगळी असते, आउटगोइंग सर्व्हर नावाने, आणि तिथे जाऊन बघितलं तर पोर्ट ४६५ आणि सिक्युरिटी स्टार्टटीएलएस. "हे मी बुधवारी बदललं होतं," मामा म्हणाला, "कुठेतरी वाचलं की ४६५ चांगलं." वाचलेलं बरोबरच होतं, फक्त अर्धं. सिक्युरिटी एसएसएल/टीएलएस केलं, मेल दोन सेकंदांत माझ्याकडे. आलेल्या मेलची आणि जाणाऱ्या मेलची सेटिंग म्हणजे दोन वेगळी दारं आहेत, एक उघडलं म्हणून दुसरं उघडत नाही, आणि मेल येतोय पण जात नाही असं कोणी सांगितलं की मी सरळ यादीच्या तळाशी जाते.

याचाच एक चुलत प्रकार आहे तो इथेच सांगते. कधीकधी मेल खरं तर गेलेला असतो आणि खिडकी अडकते ती सेंट फोल्डरमध्ये कॉपी ठेवताना. पाठवणं एसएमटीपीने होतं, पण सेंटमधली कॉपी आयमॅपने जाते, म्हणजे परत दुसरं दार. आयमॅप बिघडलेलं असेल तर माणूस बघतो की मेल अडकला, कॅन्सल करतो, परत पाठवतो, आणि समोरच्याला तोच मेल तीनदा मिळतो. त्या पट्ट्यावर काय लिहिलंय ते वाचा, सेंडिंग का कॉपीइंग.

मग ऑथेंटिकेशन मेथड. मामाने तिथे एन्क्रिप्टेड पासवर्ड निवडावा का असं विचारलं, कारण नॉर्मल पासवर्ड हे नाव ऐकूनच असुरक्षित वाटतं. वाटणारच. पण तो एन्क्रिप्टेड पासवर्ड म्हणजे जुनी वेगळी पद्धत आहे, पुष्कळ सर्व्हर ती देत नाहीत, आणि टीएलएस चालू असेल तर नॉर्मल पासवर्ड त्या कुलूपबंद नळीतूनच जातो. टीएलएसवर नॉर्मल पासवर्ड, यात काही गैर नाही. मोठ्या मेल सेवांचं मात्र वेगळं झालंय, जीमेलने ३० मे २०२२ पासून साध्या खात्यांवर बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नेहमीचा पासवर्ड घेणं बंद केलं, मायक्रोसॉफ्टने आउटलूक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. तिथे मेथड ओऑथ२ निवडायची, ब्राउझरसारखी खिडकी येते, तिथे लॉगिन. जीमेलला दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशन असेल तर १६ अक्षरांचा अ‍ॅप पासवर्डही चालतो. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जातोय आणि सर्टिफिकेटची तक्रार काहीच नाहीये, तर सिक्युरिटीच्या रकान्याला हात लावू नका, ते काम झालेलं आहे, अडलंय ते पुढे.

रविवारी मामेबहिणीचा मेसेज, "माझं पण तेच झालंय." तेच नव्हतंच. तिच्याकडे अननोन आयडेंटिटी. मजा म्हणजे त्याच लॅपटॉपवर आउटलूकमध्ये तोच मेल व्यवस्थित येत होता. हे ऐकलं की मला अँटीव्हायरसचा संशय येतो. तिला म्हटलं त्या खिडकीत व्ह्यू दाब आणि सर्टिफिकेट कोणी दिलंय ते वाच. तिने वाचलं आणि ते तिच्या अँटीव्हायरसचंच नाव होतं. मेल तपासायचा म्हणून अँटीव्हायरस तिच्या आणि सर्व्हरच्या मध्ये उभं राहतं, सर्व्हरशी एक टीएलएस, तिच्या प्रोग्रॅमशी दुसरं टीएलएस, आणि दुसऱ्यासाठी सर्टिफिकेट स्वतःच बनवतं. विंडोजच्या विश्वासू यादीत ते स्वतःला घालून घेतं म्हणून आउटलूक गप्प बसतं, पण थंडरबर्ड स्वतःची वेगळी यादी बाळगतं आणि तिथे ते नाव नसलं की ते तक्रार करतं. मला थंडरबर्डचं पटतं. आम्ही अँटीव्हायरसमधलं फक्त मेल स्कॅनिंग बंद केलं, बाकी सगळं चालू ठेवलं, अटॅचमेंट डिस्कवर सेव्ह केली किंवा उघडली की फाइलची तपासणी तशीही होतेच.

तिच्याकडे सर्टिफिकेट मॅनेजरमध्ये सर्व्हर्सच्या टॅबवर तीन जुनी एक्सेप्शन्स पण निघाली, कधी दिली ते तिला आठवत नाही, ती काढून टाकली. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, खाली मॅनेज सर्टिफिकेट्स. दोन मिनिटं काढून तुम्हीही बघा.

एक प्रकार राहिला जो या वेळी आमच्याकडे निघाला नाही पण जुन्या मशीनवर हमखास निघतो. खिडकी येत नाही, सर्टिफिकेटची तक्रार नाही, नुसतं लगेच कनेक्शन तुटतं. तिथे टीएलएसच्या व्हर्जनवरच दोघांचं जमत नसतं. टीएलएस १.० हे १९९९ चं, १.१ हे २००६ चं, आणि मार्च २०२१ मध्ये दोन्ही अधिकृतपणे निवृत्त केली गेली. आज चालतात ती २००८ चं १.२ आणि २०१८ चं १.३. थंडरबर्डने २०२० मध्ये ७८ व्या आवृत्तीपासून १.२ च्या खालचं बोलणं बंद केलं. त्यामुळे दोन्ही बाजूंनी होऊ शकतं, सर्व्हर जुना आणि प्रोग्रॅम नवा, किंवा विंडोज ७ वरचं जुनं आउटलूक, ज्याला १.२ वापरायला वेगळं अपडेट लागतं, आणि समोर नवा सर्व्हर. थंडरबर्डच्या कॉन्फिग एडिटरमध्ये टीएलएसची किमान आवृत्ती ठरवणारा एक आकडा आहे, तो ३ चा १ केला की जुना सर्व्हर चालू होतो आणि सगळीकडे हा उपाय सांगितला जातो. तपासण्यापुरतं करायचं, दोष कळला की परत ३ करायचा आणि सर्व्हरवाल्यांच्या मागे लागायचं. तो आकडा एका सर्व्हरपुरता नसतो, सगळ्या खात्यांना लागतो.

मामाने शनिवारी शेवटी वही काढली आणि मला म्हणाला, "सांग, लिहून ठेवतो." मी सांगितलं तसं त्याने लिहिलं. येणारा, मेल डॉट डोमेन, ९९३, एसएसएल/टीएलएस, नॉर्मल पासवर्ड. जाणारा, तेच नाव, ४६५, एसएसएल/टीएलएस, नॉर्मल पासवर्ड. युजरनेम दोन्हीकडे पूर्ण पत्ता, नुसतं अ‍ॅटच्या आधीचं नाही. त्याखाली त्याने स्वतःहून लिहिलं, किती वेळात एरर आली ते बघणे, कॉम्प्युटरची तारीख बघणे. मग वही बंद करून तीन दिवसांचे मेल वाचायला बसला, फोन तसाच चालू, आणि अर्धा तास मी त्याचं मोठ्याने वाचणं ऐकत होते.